गृहबांधणीतील मेट्रिक परिमाणे
भारतात फूट-इंच पद्धतीऐवजी मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली, तेव्हा गृहबांधणीचे आराखडे, माल, मजुरी व कारागिरांची परिभाषा यांत घडून आलेले स्थित्यंतर. वजने व मापे यांच्या मानकांसंबंधीचा अधिनियम १९५६ मध्ये संमत झाला व १ ऑक्टोबर १९५८ पासून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. कायद्याने कागदावरील माप पालटले. गवंड्याच्या हातातील माप मात्र सावकाश बदलले.

सर्वांत कमी अडचण मिश्रणात आली. सिमेंट, वाळू व खडी यांचे १:२:४ हे प्रमाण कोणत्याही परिमाणात तेच राहते. सिमेंटचे ११२ पौंडांचे (५०·८ किग्रॅ.) पोते ५० किग्रॅ.चे झाले, तरी त्याचे घनफळ जवळजवळ पूर्वीइतकेच, म्हणजे सु. ३५ लिटर होते. विटेची गोष्ट वेगळी होती. भारतीय मानक संस्थेने १९ × ९ × ९ सेंमी. आकाराची वीट प्रमाणभूत ठरविली. सांध्यासह ती २० × १० × १० सेंमी. जागा व्यापते व एक घ. मी. बांधकामास अशा ५०० विटा लागतात. हिशेब सोपा झाला. परंतु नऊ इंची जुन्या भिंतीला नवी भिंत जोडताना थर जुळत नसत. वीटभट्ट्यांवरील जुने साचेही चालू राहिल्याने ही वीट सर्वत्र रूढ झाली नाही.

लोखंडी सळ्यांच्या बाबतीत नावाचा घोटाळा धोक्याचा होता. कारागीर सळईची जाडी सुतांत सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुती सळईचा व्यास १२·७ मिमी.; तिच्या जागी आलेल्या १२ मिमी. सळईलाही चार सुतीच म्हणत. जुन्या आराखड्यातील अंतरेच कायम ठेवून ही सळई वापरल्यास लोखंडाचे छेदक्षेत्र सु. ११ टक्क्यांनी घटते. उलट तीन सुतीऐवजी १० मिमी. सळई वापरल्यास ते सु. १० टक्क्यांनी वाढते. म्हणून केवळ नाव बदलून भागत नसे, गणितही नव्याने करावे लागे.

उक्त्या कामाच्या मजुरीत हा बदल थेट पोटाशी भिडणारा होता. गिलाव्याचा दर ब्रासवर, म्हणजे १०० चौ. फुटांवर ठरे, हे क्षेत्र ९·२९ चौ. मी. भरते. तोच दर १० चौ. मी.ला लावल्यास मजुराला त्याच पैशांत सु. साडेसात टक्के अधिक काम करावे लागते. रूपांतराचे कोष्टक वाचता न येणाऱ्यास हा फरक दिवसअखेरीस फक्त थकव्यातून कळण्याजोगा होता. ब्रास सोडण्यास कारागीर नाखूश असण्यामागे केवळ सवय नव्हती. त्या मापात त्याला आपली मजुरी स्वतः पडताळता येत असे.

वैध मापनविषयक अधिनियम २००९ मध्ये संमत झाला, तरी महाराष्ट्रात वाळू, खडी व मुरूम यांचे व्यवहार आजही ब्रासमध्ये होतात. प्लायवुडचा तक्ता आठ बाय चार फुटांचा म्हणूनच विकला जातो. सदनिकेचे क्षेत्रफळ करारात चौ. मीटरांत नोंदले जाते, पण भाव चौ. फुटावर सांगितला जातो. दोन्ही परिमाणे छापलेली मोजपट्टी हे या अपूर्ण स्थित्यंतराचे नित्य वापरातील साधन होय.