धर्मगुरूची घटका आणि फादर स्टीफन्स

“वेळ मिळत नाहीं” हें वाक्य आम्हां धर्मगुरूंच्या तोंडीं वारंवार येतें. समुद्रपूर तालुक्यांतील विखुरलेल्या गांवांचे फेरे, आजाऱ्यांच्या भेटी, हिशेब, अहवाल व सभा यांत दिवस कसा सरतो हें भाविकांस ठाऊकच आहे. ज्युबिलीच्या या शुभप्रसंगीं एका पूर्वसूरीचें स्मरण आम्हांस उद्बोधक वाटतें.

इंग्लंडांत १५४९ सालीं जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास आले व १६१९ सालीं तेथेंच निवर्तले. साष्टी प्रांतांत त्यांनीं धर्मसेवा केली, रेक्टरपदाचा कारभारहि वाहिला. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें त्यांचे पांच संघबंधु मारले गेले. असा तो अस्वस्थ काळ. तरीहि १६१६ सालीं त्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथें रोमन लिपींत छापून निघालें. त्यांत सुमारें ११,००० ओव्या आहेत.

आतां हिशेब करूं. आगमनापासून मुद्रणापर्यंत ३७ वर्षें, म्हणजे सुमारें १३,५०० दिवस. सरासरीनें दिवसाला एक ओवीहि पडत नाहीं! रोजचा अल्प वेळ राखल्यास केवढें कार्य उभें राहतें, हें यावरून कळावें. स्टीफन्सांनीं तो वेळ लोकांच्या भाषेकरितां वेंचला, म्हणूनच त्यांचा ग्रंथ १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापावा लागला.

आम्हींहि दिवसाची एक घटका प्रार्थना व अध्ययन यांकरितां राखावी. भाविकहो, त्या घटकेस आजाऱ्यासाठीं आमचें दार अवश्य ठोठावा. कागदासाठीं मात्र नको.