अहमदखान, सर सिद्दी

(१८६२–१९२२). जंजिरा संस्थानचे नवाब. कारकीर्द १८७९ ते १९२२. सिद्दी घराण्याचा इतिहास बहुधा किल्ला, आरमार आणि वेढे यांच्या अंगाने लिहिला जातो. त्यामुळे त्रेचाळीस वर्षे राज्य केलेल्या या नवाबांच्या वाट्याला दोन-चार ओळीच येतात. संस्थानची राजधानी असलेल्या मुरुड गावाची घडण समजून घ्यायची तर मात्र त्यांना वगळता येत नाही.

गादी व अधिकार : वडील नवाब इब्राहिमखान १८७९ मध्ये वारले. वारसाबाबत मतभेद होते. इंग्रज सरकारने अहमदखानांचा हक्क मान्य केला. ते अल्पवयीन असल्याने त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिक्षणासाठी ठेवण्यात आले. राज्याचा कारभार त्यांच्या हाती १८८३ मध्ये आला. त्याआधीच, १८६८ च्या सुमारास, फौजदारी न्यायातील अंदाधुंदीचे कारण देऊन इंग्रजांनी तो विभाग नवाबांकडून काढून पोलिटिकल एजंटकडे सोपवला होता. तेव्हा हाती आलेली सत्ता कातरलेली होती. या मर्यादेतच त्यांच्या कामाचा विचार केला पाहिजे.

संस्थान : क्षेत्र ३२४ चौरस मैल, गावे २३४, लोकसंख्या ८५,४१४ (१९०१). काठेवाडच्या किनाऱ्यावरील जाफराबादही याच नवाबांच्या अमलाखाली होते. इंग्रजांना खंडणी नव्हती.

पाणी : मुरुडच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम हे. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, पण जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. समुद्रकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. चैत्र-वैशाखात कोकणातल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही, तो यामुळेच. यावरचा उपाय मुरुडच्या मागच्या डोंगरात सापडला. गारंबीच्या रानात ओढा अडवून नवाबी अमदानीत धरण बांधले गेले आणि त्याला व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचे नाव देण्यात आले. धरण उंचावर, गाव सखल. त्यामुळे पाणी उताराने गावात आणता येते. कोकणातल्या एका लहान राजधानीने इतक्या लवकर पिण्याच्या पाण्याची अशी सोय करावी, ही गोष्ट कुठल्याही लढाईइतकीच नोंद घेण्याजोगी आहे.

रान : धरणाच्या माथ्यावरचे जंगल टिकले तरच ओढा टिकतो. आजचे फणसाड अभयारण्य म्हणजे नवाबांचे राखीव शिकारीचे रान. ते राखण्यामागे हेतू शिकारीचा होता, परिणाम मात्र निराळा झाला. किनाऱ्यालगतचे एवढे सलग जंगल रायगड जिल्ह्यात दुर्मीळ आहे. गारंबीचे जाडजूड वेल, शेकरू, गिधाडे आणि उन्हाळ्यातही न आटणारी ‘गाण’, म्हणजे रानातले पाणवठे, ही त्याची ओळख. शासनाने १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा दिला.

वाडा : अहमदगंज. बांधकाम १८८५ च्या सुमाराचे. मोगल व गॉथिक शैलींचा मेळ. खासगी मालकीचा.

युरोपप्रवास : नवाबांच्या खासगी आयुष्याची सर्वांत तपशीलवार माहिती त्यांच्या पत्नी नाझली रफिया बेगम (१८७४–१९६८) यांच्या लेखणीतून मिळते. इस्तंबूलमध्ये जन्मलेल्या नाझली मुंबईच्या फैझी घराण्यातल्या. लेखिका अतिया फैझी त्यांची धाकटी बहीण. नवाब, बेगम आणि अतिया १९०८ मध्ये युरोपला गेले. तो सारा प्रवास बेगमांनी ‘सैर-ए-युरोप’ या उर्दू पुस्तकात लिहिला. लंडनमध्ये त्यांची कवी इक्बाल यांच्याशी भेट झाली. इस्तंबूलमध्ये सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्याशीही. पुढच्या वर्षी इक्बाल यांनी अतियांना लिहिलेल्या पत्रांत जंजिऱ्याच्या निमंत्रणाचा विषय पुन्हा पुन्हा येतो. विद्वान शिबली नोमानी यांनी तर जंजिऱ्याचा पाहुणचार घेतला होता. एका संस्थानी राणीने परदेश पाहावा, लिहावे आणि ते छापून यावे, याला नवाबांची आडकाठी नव्हती, हे त्या काळात थोडे नव्हे. हे दांपत्य पुढे विभक्त झाले.

किताब : के.सी.आय.ई. (१८९५), जी.सी.आय.ई. (१९०६).

अखेर : निधन मे १९२२. कोल्हापूरचे शाहू महाराजही त्याच महिन्यात वारले. शाहू किंवा बडोद्याचे सयाजीराव यांच्याप्रमाणे अहमदखानांनी समाजसुधारणेचे मोठे पाऊल उचलल्याचे दिसत नाही. त्यांचे काम गावापुरते आणि निकडीचे होते. १९१४ मध्ये जन्मलेले पुत्र सिद्दी मुहम्मदखान गादीवर आले. ते सज्ञान होईपर्यंत, म्हणजे १९३३ पर्यंत, त्यांच्या आई कुलसूम बेगम यांनी कारभार पाहिला. मार्च १९४८ मध्ये जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झाले. जाफराबाद आता गुजरातेत आहे.