ओसाड मनोरुग्णालयांची छायाचित्रे: नेमके कोणाला भ्यायचे?

१/ भिंतींचे पोपडे निघालेले, चाकांची खुर्ची उलटी पडलेली, लांबच लांब व्हरांडा आणि त्याच्या टोकाशी एकच उजळ खिडकी. अमेरिकेतील बंद पडलेल्या मनोरुग्णालयांची अशी छायाचित्रे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्यांखालची प्रतिक्रियाही ठरलेली असते: इथे नक्की भुते असणार!

२/ मात्र अशा छायाचित्रांकडे समाजाने नेहमी याच नजरेने पाहिलेले नाही. एकाच रुग्णालयाच्या दोन काळांतील छायाचित्रांनी लोकांच्या मनात दोन अगदी निराळ्या भावना जागवल्या. एकदा लाज, एकदा थरार. हा बदल कसा घडला, त्याविषयीचा हा #धागा.

३/ ते रुग्णालय म्हणजे फिलाडेल्फिया स्टेट हॉस्पिटल, लोकांच्या तोंडी 'बायबेरी'. विसाव्या शतकाच्या आरंभी शहराबाहेरच्या शेतजमिनीवर ते उभे राहिले आणि १९३८ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ताब्यात गेले. दुसऱ्या महायुद्धात तेथील बरेच सेवक लढाईवर गेले. रुग्णांची गर्दी मात्र वाढतच होती.

४/ ही उणीव भरून काढली ती वेगळ्याच तरुणांनी. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांना सरकारने पर्यायी सेवा दिली होती. त्यांपैकी सुमारे ३,००० जण देशभरातील मनोरुग्णालयांत कामाला लागले. बायबेरीत आलेला चार्ल्स लॉर्ड हा क्वेकर पंथीय तरुण त्यांपैकीच एक.

५/ लॉर्डने लहानसा कॅमेरा लपवून आत नेला. उघड्याबोडक्या भिंतीला टेकून, गार फरशीवर बसलेली विवस्त्र माणसे त्याने टिपली. १९४५ मध्ये ही छायाचित्रे एलिनॉर रूझवेल्ट यांना दाखवण्यात आली, तेव्हा ती दक्षिणेकडील एखाद्या राज्यातील असावीत, असा त्यांचा पहिला समज झाला. असे काही आपल्याकडे घडत असेल, यावर विश्वास बसणे कठीणच असते.

६/ ६ मे १९४६ रोजी 'लाइफ' साप्ताहिकात आल्बर्ट मैझेल यांचा लेख या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. नाझी छळछावण्यांची दृश्ये जगाने पाहून जेमतेम वर्ष उलटले होते. मैझेल यांनी अमेरिकन रुग्णालयांची तुलना थेट त्या छावण्यांशी केली. आपल्याच करातून चालणाऱ्या संस्थांत हे घडते आहे, हे आता वाचकांना नाकारता येईना.

७/ त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यामागे युद्धकाळातील अनुभवांसह इतरही कारणे होती. तरीही 'याला जबाबदार कोण?' हा प्रश्न लोकांपर्यंत नेण्याचे काम या छायाचित्रांनी केले, हे नि:संशय.

८/ पुढील प्रवास थोडक्यात. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. हा उच्चांक. त्यानंतर नवी औषधे, १९६३ चा केनेडी यांच्या काळातील कायदा आणि खर्चकपात यांमुळे रुग्णालये रिकामी होत गेली. मात्र वस्तीवस्तीत उभारायच्या उपचारकेंद्रांपैकी सुमारे निम्मीच प्रत्यक्षात आली. बाहेर पडलेल्या अनेकांच्या वाट्याला रस्ता किंवा तुरुंग आला.

९/ १९९० मध्ये बायबेरी बंद झाले. मग छायाचित्रांचा दुसरा काळ सुरू झाला. रात्री कुंपण ओलांडून तरुण आत शिरू लागले. भुयारांविषयी, आत लपून राहिलेल्या वेड्यांविषयी अफवा पसरल्या. २००६ मध्ये इमारती पाडल्या गेल्या, तरी दंतकथा टिकल्या.

१०/ पहिल्या छायाचित्रांत माणसे होती, म्हणून पाहणाऱ्याला दोषी शोधावा लागला. दुसऱ्यांत माणसेच नव्हती. ती रिकामी जागा आपल्या कल्पनेने भरून काढली आणि ज्यांनी तिथे यातना भोगल्या, त्यांनाच भुते ठरवले. भीतीचा रोख व्यवस्थेवरून रुग्णांवर वळला.

११/ वास्तुरचनेचेही तेच झाले. एकोणिसाव्या शतकात डॉ. थॉमस किर्कब्राइड यांनी पंखांसारख्या पसरलेल्या इमारती सुचवल्या. प्रत्येक दालनात ऊन आणि वारा खेळावा, त्याने रुग्ण बरा व्हावा, हा हेतू. १८७८ मध्ये सुरू झालेले मॅसॅच्युसेट्समधील डॅनव्हर्स याच पद्धतीचे. १९९२ मध्ये ते बंद पडले. तिथेच चित्रित झालेला 'सेशन नाइन' हा भयपट २००१ मध्ये प्रदर्शित झाला.

१२/ पेनहर्स्टची कथा तर अधिक बोचरी. ही बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीची पेनसिल्व्हेनियातील संस्था. तेथील हालअपेष्टा १९६८ मध्ये दूरचित्रवाणीवर आल्या, पुढे न्यायालयीन लढा झाला आणि १९८७ मध्ये ती बंद पडली. २०१० मध्ये त्याच आवारात तिकीट लावून 'भूतबंगला' सुरू झाला! अपंग हक्कांसाठी झटणाऱ्यांनी त्याला विरोध केला.

१३/ सगळेच छायाचित्रकार थरार विकत नव्हते. ख्रिस्तोफर पेन यांनी अनेक राज्यांतील अशा संस्था टिपून २००९ मध्ये 'असायलम' हे पुस्तक काढले. प्रस्तावना ऑलिव्हर सॅक्स यांची. 'असायलम' या शब्दाचा मूळ अर्थ आश्रय, याची आठवण त्यांनी करून दिली. छळाच्या इतिहासात आसऱ्याचाही एक धागा होता.

१४/ आता विलार्ड. न्यूयॉर्क राज्यातील हे रुग्णालय १८६९ ते १९९५ या काळात चालले. ते बंद होताना माळ्यावर ४०० हून अधिक पेट्या सापडल्या. दाखल होताना रुग्णांनी सोबत आणलेल्या. पत्रे, कपडे, घरच्यांची छायाचित्रे. काही दिवसांनी घरी परतायचेच आहे, अशा बेताने भरलेले सामान.

१५/ जॉन क्रिस्पिन यांनी २०११ पासून या पेट्यांची छायाचित्रे काढली. त्यांतही माणूस दिसत नाही, तरी ती पाहून कोणाला भूत आठवत नाही. आठवते ती सामान बांधणारी व्यक्ती. मात्र तिचे पूर्ण नाव सांगता येत नाही. गोपनीयतेचे कारण देऊन राज्याने तशी परवानगी नाकारली.

१६/ विलार्डच्या दफनभूमीत ५,७०० हून अधिक जण पुरलेले आहेत. थडग्यांवर नावे नव्हती, क्रमांक होते. त्यांतील १,५०० हून अधिक कबरी एका रुग्णाने खोदल्या. लॉरेन्स मोका. १९१८ पासून तो विलार्डमध्ये होता. १९६८ मध्ये वारला आणि त्याच मातीत निनावी पुरला गेला. २०१५ मध्ये त्याच्या नावाचा स्मृतिफलक तिथे बसला.

१७/ आपणही यापासून फार दूर नाही. 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला न्या' हे विनोद आपण सहज करतो. ती दोन्ही रुग्णालये ओसाड नाहीत. आज, या क्षणी तिथे माणसे उपचार घेत आहेत. विनोद ऐकताना ती आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत, इतकेच.

१८/ तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी असे एखादे छायाचित्र समोर आले, तर जरूर पाहा. मात्र पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी शोधा: इथे कोण राहत होते, ते इथून कुठे गेले आणि त्यांची नावे कुठे लिहिली आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम तिथून सुरू होते.

#इतिहास #मानसिकआरोग्य