अमेरिकेतील मोठ्या मंदीनंतरची राज्यनिहाय रोजगारस्थिती

अमेरिकेत डिसेंबर २००७ ते जून २००९ या अठरा महिन्यांत आलेल्या मंदीला, १९२९ साली सुरू झालेल्या महामंदीपासून ती वेगळी ओळखता यावी म्हणून, 'मोठी मंदी' असे म्हटले जाते. मंदी संपल्यावर देशाचे उत्पादन वाढू लागले. रोजगार मात्र त्यानंतरही काही महिने घटत राहिला आणि पूर्वपातळीवर येण्यास २०१४ साल उजाडले. या संथ पुनरुज्जीवनाच्या काळात राज्याराज्यांत, तसेच एकाच राज्याच्या निरनिराळ्या भागांत, रोजगारस्थितीची मोठी तफावत दिसून आली. बेरोजगारीचा दर खाली येणे आणि काम गमावलेल्यांना पुन्हा काम मिळणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, ही बाब या काळाच्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आली.

## पार्श्वभूमी

घरांच्या किमती कोसळल्यामुळे गृहकर्जे थकली, बँका अडचणीत आल्या आणि पतपुरवठा आटला. २००८ च्या आरंभापासून फेब्रुवारी २०१० पर्यंत देशातील सुमारे ८७ लाख नोकऱ्या नाहीशा झाल्या. बेरोजगारीचा दर ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचला. त्या वेळी मंदी अधिकृतरीत्या संपून चार महिने झाले होते. उत्पादन वाढते पण रोजगार वाढत नाही, अशा अवस्थेस 'रोजगारविहीन पुनरुज्जीवन' म्हणतात. १९९०–९१ व २००१ च्या मंदीनंतरही हीच अवस्था आली होती. या वेळी रोजगार पूर्वपातळीवर येण्यास अधिक काळ लागला. २०१० मध्ये बेरोजगारांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ कामाच्या शोधात होते.

## राज्यांतील तफावत

राज्याच्या अर्थव्यवस्थेचा मुख्य आधार कोणता, यावर त्या राज्याचे सावरणे अवलंबून राहिले.

नेवाडा राज्य बांधकाम व पर्यटन या दोन व्यवसायांवर विसंबून होते. दोन्ही एकाच वेळी खचल्याने तेथील बेरोजगारीचा दर २०१० मध्ये १४ टक्क्यांच्या आसपास गेला. गृहबांधणीच्या तेजीवर वाढलेल्या फ्लोरिडा, ॲरिझोना व कॅलिफोर्निया या राज्यांनाही मोठा फटका बसला.

मिशिगनमधील घसरण त्याआधीच, २००० नंतर, मोटार उद्योगातील नोकरकपातीमुळे सुरू झाली होती. २००९ मध्ये क्रायस्लर व जनरल मोटर्स या कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुटे भाग पुरवणारे लहान कारखानेही संकटात आले. केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने या दोन्ही कंपन्या सावरल्या. तरीही राज्यातील नोकऱ्यांची संख्या २०१४ मध्येही २००० च्या पातळीपेक्षा बरीच कमी होती.

याउलट नॉर्थ डकोटातील बेरोजगारीचा दर मंदीतही ५ टक्क्यांच्या खाली राहिला. बाकेन खडकस्तरातून तेल काढण्याचे काम वाढल्याने विलिस्टनसारख्या लहान गावांत देशभरातून कामगार आले आणि घरभाडी भरमसाट वाढली. टेक्सासनेही, तेल व वाढत्या लोकसंख्येच्या बळावर, गमावलेल्या नोकऱ्यांची संख्या २०११ च्या अखेरीपर्यंत भरून काढली.

## स्थानिक पातळी

राज्याची सरासरी स्थानिक स्थिती झाकून टाकते. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर माहिती तंत्रज्ञानामुळे लवकर सावरला. त्याच राज्यातील शेतीप्रधान इम्पीरियल परगण्यात बेरोजगारी २५ टक्क्यांच्या वर गेली होती.

इंडियाना राज्यातील एल्खार्ट हे एकाच उद्योगावर अवलंबून असलेल्या भागाचे प्रसिद्ध उदाहरण होय. राहण्याची सोय असलेल्या पर्यटन-वाहनांचे उत्पादन हा तेथील प्रमुख व्यवसाय आहे. असे वाहन लोक बहुधा कर्ज काढून घेतात आणि हात आखडता घ्यावा लागला की त्याची खरेदी आधी पुढे ढकलतात. त्यामुळे २००९ च्या वसंत ऋतूत तेथील बेरोजगारी २० टक्क्यांच्या जवळ पोहोचली. पुढे कर्जे सुलभ झाल्यावर मागणी परतली आणि २०१६ पर्यंत हा दर ५ टक्क्यांच्या खाली आला. ज्या उद्योगामुळे हा भाग बुडाला, त्याच उद्योगामुळे तो वर आला. एकाच व्यवसायावरील अवलंबित्व मात्र कायम राहिले.

## राज्य व स्थानिक सरकारांची नोकरकपात

व्हरमाँट वगळता सर्व राज्यांवर अंदाजपत्रक संतुलित ठेवण्याचे कायदेशीर बंधन आहे. मंदीत करांचे उत्पन्न घटताच राज्यांना खर्चही कमी करावा लागतो. फेब्रुवारी २००९ च्या ७८७ अब्ज डॉलरच्या केंद्रीय मदत कायद्यामुळे शिक्षण व आरोग्य खर्चाची तूट काही काळ भरून निघाली. ही मदत ओसरल्यानंतर, खासगी क्षेत्रातील रोजगार वाढत असतानाही, शाळा, अग्निशमन दल व नगरपालिका यांतील नोकऱ्या कमी होत राहिल्या. २००८ ते २०१३ या काळात राज्य व स्थानिक सरकारांतील सुमारे ७ लाख नोकऱ्या घटल्या. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन शहराने २०१२ मध्ये आणि मिशिगनमधील डेट्रॉइट शहराने २०१३ मध्ये दिवाळखोरीचा मार्ग पत्करला.

## बेरोजगारी विमा

अमेरिकेत बेरोजगारी विमा राज्ये चालवतात. मंदीपूर्वी बहुतेक राज्यांत २६ आठवड्यांपर्यंत भत्ता मिळत असे. केंद्राच्या मुदतवाढीमुळे सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत ही मर्यादा ९९ आठवड्यांपर्यंत गेली. तीसहून अधिक राज्यांचे विमा निधी संपले व त्यांना केंद्राकडून कर्ज घ्यावे लागले. पुढे काही राज्यांनी भत्त्याची मुदत घटवली. मिशिगनने ती २० आठवड्यांवर आणली. नॉर्थ कॅरोलायनाने भत्ता कमी केल्याने जुलै २०१३ पासून तेथील दीर्घकालीन बेरोजगारांचा केंद्रीय भत्ताही बंद झाला. उर्वरित देशात तो डिसेंबर २०१३ च्या अखेरीस थांबला.

## आकड्यांचा अर्थ

ज्याच्याकडे काम नाही, जो काम करण्यास उपलब्ध आहे आणि ज्याने मागील चार आठवड्यांत काम शोधले आहे, अशा व्यक्तीची गणना साधारणपणे अधिकृत आकडेवारीत 'बेरोजगार' म्हणून होते. समजा, एखाद्या गावात श्रमबल १०० व्यक्तींचे असून त्यांपैकी १० बेरोजगार आहेत. दर १० टक्के झाला. त्यांतील पाच जणांनी निराश होऊन शोध थांबवला, तर ९५ जणांत पाच बेरोजगार उरतात आणि एकही नवी नोकरी निर्माण न होता दर सुमारे ५.३ टक्क्यांवर येतो. गावातील बेरोजगार दुसरीकडे स्थलांतरित झाले तरी असाच परिणाम होतो. देशाचा श्रमबल सहभाग दर २००७ च्या अखेरीस ६६ टक्के होता; २०१३ च्या अखेरीस तो ६३ टक्क्यांच्या किंचित खाली आला. लोकसंख्येचे वाढते वय हे त्याचे एक मोठे कारण असले, तरी काम मिळण्याची आशा सोडलेल्यांचाही त्यात वाटा होता.

## दीर्घकालीन परिणाम

ऑलिव्हिए ब्लँशार व लॉरेन्स कॅट्झ यांनी १९९२ मध्ये असे दाखवले होते की, एखाद्या राज्यात रोजगार घटल्यास तेथील बेरोजगारीचा दर काही वर्षांत पूर्ववत होतो. मात्र तो मुख्यतः कामगार राज्य सोडून गेल्यामुळे होतो, नोकऱ्या परत आल्यामुळे नव्हे. मोठ्या मंदीविषयी डॅनी यॅगन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात करविषयक नोंदींच्या आधारे व्यक्तींचा माग घेण्यात आला. मंदीपूर्वी अधिक फटका बसलेल्या भागांत राहणाऱ्या व्यक्ती, इतर भागांतील तुलनीय व्यक्तींच्या मानाने, २०१५ मध्येही कामावर असण्याची शक्यता कमी असल्याचे त्यात आढळले. त्या वेळेपर्यंत या भागांतील बेरोजगारीचे दर इतरांच्या बरोबरीस आले होते. म्हणून एखाद्या राज्याच्या सावरण्याचा अंदाज घेताना बेरोजगारीच्या दराबरोबर नोकऱ्यांची संख्या, श्रमबल सहभाग दर व प्रौढ लोकसंख्येतील रोजगारप्राप्त व्यक्तींचे प्रमाणही पाहिले जाते.