चार अब्जांतले दोघे: सुपर लीगचे अठ्ठेचाळीस तास, नाशिकच्या घड्याळात

रविवार, १८ एप्रिल २०२१. संध्याकाळी ६

कोविडमुळे राज्यात १४ तारखेच्या रात्री आठपासून संचारबंदी होती. गंगापूर रोडवर रुग्णवाहिकेशिवाय कशाचाच आवाज नव्हता. पुतण्याचं कॉलेज बंद, म्हणून तो माझ्याकडेच राहायला आलेला. तो लिव्हरपूलचा आणि मी आर्सेनलचा, त्यामुळे घरात दोन पक्ष होते. आर्सेनल-फुलहॅम सामना सुरू होता. माझा संघ गुणतक्त्यात नवव्या क्रमांकावर होता आणि तळाशी धडपडणाऱ्या फुलहॅमपुढे पिछाडीवर पडला होता.

सामना चालू असतानाच पुतण्याने मोबाइल पुढे केला. "काका, हे वाचा. आपले दोन्ही क्लब वेगळी लीग काढतायत."

लंडनच्या 'द टाइम्स'ने बातमी फोडली होती. युरोपीय फुटबॉलची संघटना युएफा आणि इंग्लंड, स्पेन, इटलीच्या संघटनांनी एकत्र निवेदन काढून इशाराही दिला: या स्पर्धेत जाणाऱ्या क्लबांना इतर स्पर्धांची दारं बंद होतील, खेळाडूंना देशाकडून खेळता येणार नाही. ९७व्या मिनिटाला आर्सेनलच्या एन्केटियाने बरोबरीचा गोल केला. एरवी मी उठून नाचलो असतो. त्या दिवशी जागचा हललो नाही.

रात्री ८.३०

मँचेस्टर युनायटेड विरुद्ध बर्नली. युनायटेड ३-१ने जिंकलं, पण लक्षात राहिला तो गॅरी नेव्हिल. उभी कारकीर्द युनायटेडमध्ये घालवलेला हा माणूस इंग्लंडमधल्या प्रसारणात आपल्याच क्लबच्या मालकांवर तुटून पडला. या सगळ्याची घृणा वाटते, हे त्याने कोणताही आडपडदा न ठेवता सांगितलं. त्याची चित्रफीत तासाभरात आमच्या ग्रुपवर आली. शाळेपासून एकत्र फुटबॉल पाहणाऱ्यांचा तो ग्रुप. आठवडाभर त्यावर फक्त बेड, रेमडेसिव्हिर आणि ऑक्सिजन सिलिंडरचे निरोप येत होते. आता त्यांच्यामध्ये हा विषय येऊन बसला. कुणीतरी लिहिलं, "हे दिवस काय आणि हे काय घेऊन बसलात!" पाच मिनिटांनी त्यानेच विचारलं, "पण खरंच करतील का रे?"

सोमवार, १९ एप्रिल. पहाटे पावणेचार

केलं. इंग्लंडमध्ये रविवारची रात्र सरत आली असताना सुपर लीगची घोषणा झाली. एकूण बारा क्लब: इंग्लंडचे मँचेस्टरचे दोन्ही, लिव्हरपूल, चेल्सी, आर्सेनल, टॉटनहॅम, स्पेनचे रिआल माद्रिद, बार्सिलोना, अॅटलेटिको, इटलीचे युव्हेंटस, मिलान, इंटर. आणखी तीन क्लब घेऊन संस्थापक पंधरा करायचे होते. वीस संघांची स्पर्धा, त्यात या पंधरांची जागा कायमची. उरलेल्या पाच जागांसाठी बाकी सगळ्या युरोपने झगडायचं. संस्थापकांना मिळून साडेतीन अब्ज युरो मिळणार होते, आणि पैसा उभा करणार होती जेपी मॉर्गन ही बँक.

'कायमची जागा' हे शब्द मी दोनदा वाचले. लेस्टर तेव्हा तिसऱ्या आणि वेस्ट हॅम चौथ्या क्रमांकावर होते. त्यांना आमंत्रण नव्हतं. नवव्या क्रमांकावरच्या माझ्या आर्सेनलला होतं, तेही जन्मभराचं. मी त्या क्लबच्या प्रेमात पडलो २००३-०४ साली, अख्ख्या लीग मोसमात एकही सामना न हरलेला तो संघ पाहून. प्रत्येक आठवड्याला हरायची शक्यता होती आणि तरी ते हरले नाहीत, म्हणूनच त्या मोसमाला मोल आलं. हरण्याने काहीच बिघडणार नसेल, तर त्या अजिंक्यपदाला काय अर्थ उरतो?

पण माझ्या जिव्हारी लागलं ते दुसरंच. सुपर लीगचे अध्यक्ष आणि रिआल माद्रिदचे सर्वेसर्वा फ्लोरेंटिनो पेरेझ यांचं निवेदन त्या घोषणेत होतं. फुटबॉलचे चार अब्जांहून अधिक चाहते आहेत आणि त्यांच्या इच्छेला प्रतिसाद देणं ही मोठ्या क्लबांची जबाबदारी आहे, असा त्याचा आशय. चार अब्ज चाहते काही युरोपात राहत नाहीत. त्या चार अब्जांत माझा पुतण्या होता, मी होतो. पहाटे पावणेचारला नाशिकमध्ये जागे असलेल्या आम्हा दोघांच्या इच्छेचा हवाला देऊन हे चाललं होतं. आम्हाला कुणी विचारलं होतं?

सोमवार, दुपार

टॉटनहॅमने प्रशिक्षक जोसे मोरिन्योला काढलं. सहा दिवसांवर चषकाचा अंतिम सामना होता. एरवी आठवडाभर पुरली असती अशी ती बातमी दोन तासही टिकली नाही.

नाशिकमध्ये दुपारी करण्यासारखं काही नव्हतं, आणि मला पुणं आठवत राहिलं. सुपर लीग म्हणून युरोप ज्याच्यावर चवताळला होता, ते आपल्याकडे आधीच होऊन गेलं होतं आणि आपण फारसं बोललो नव्हतो. २०१४ साली इंडियन सुपर लीग आली. पैसे भरून फ्रँचायझी घ्यायची आणि कितीही खराब खेळलं तरी खाली जायचं नाही. देशाची जुनी लीग, आय-लीग, बाजूलाच चालू होती. २०१९ साली नव्या लीगला अव्वल दर्जा मिळाला आणि आशियातल्या मुख्य स्पर्धेचं दार तिच्या हाती गेलं. त्यानंतरही काही वर्षं आय-लीग जिंकणाऱ्याला वर चढायला शिडी नव्हती. ती २०२३ साली पंजाबच्या संघाला पहिल्यांदा मिळाली.

महाराष्ट्राचं काय झालं? मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६चा राष्ट्रीय विजेता. २०१० साली बंद. पुणे एफसी २०१२-१३ला आय-लीगमध्ये दुसरा आला आणि त्यानंतर दोनच वर्षांत संपला. भारत एफसी एका मोसमाचा धनी. डीएसके शिवाजियन्स आले आणि गेले. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ साली गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. दरवेळी मालकाचं गणित बदललं आणि क्लब नाहीसा झाला. पुणे एफसीचा सामना बघायला मी नाशिकहून बसने बालेवाडीला गेलो होतो. तो स्कार्फ अजून कपाटात आहे.

कोल्हापुरात मात्र कुणाची हिंमत होईल का? पाटाकडील तालीम, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं एखाद्या कंपनीच्या ताळेबंदात बसणारी नाहीत. ती पेठांची नावं आहेत. शाहू स्टेडियमवर संघ हरला तर पेठेत चूल उशिरा पेटते. तिथला क्लब उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही, कारण तो कुणा एकाचा नाहीच.

सोमवार, संध्याकाळ

स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोहून युएफाचे अध्यक्ष अलेक्झांडर चेफेरिन बोलले. युव्हेंटसचे आंद्रेआ आग्नेल्ली यांच्या मुलीचे ते धर्मपिता. तेच आग्नेल्ली आदल्या रात्री युएफाच्या समितीतून बाहेर पडून सुपर लीगचे उपाध्यक्ष झाले होते. चेफेरिन यांनी आपल्याभोवती साप होते असं सांगितलं आणि आग्नेल्लींचं नाव घेऊन ते खोटं बोलले असं म्हटलं. ऐकताना भाऊबंदकीच्या खटल्यातली साक्ष ऐकतोय असं वाटलं.

त्याच दिवशी बीबीसीच्या बातमीतून एक शब्दप्रयोग बाहेर आला. या योजनेमागचे लोक म्हणे इंग्लंडमधल्या पिढीजात चाहत्यांना 'वारशातले चाहते' म्हणत आणि आपल्याला 'भविष्यातले चाहते' हवेत असं सांगत. भविष्यातले म्हणजे जगभर पडद्यावर सामने बघणारे. म्हणजे पुन्हा आम्हीच! लीड्समधल्या म्हाताऱ्याचं आसन काढून ते आम्हाला देऊ केलं जात होतं. पुतण्या म्हणाला, "काका, मला हे नकोय. तिथं मैदानात गाणारे लोक आहेत म्हणून तर मी बघतो." त्याला वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. भविष्यातला चाहता तो हाच.

मंगळवार, २० एप्रिल. रात्री १२.३०

लीड्स विरुद्ध लिव्हरपूल, एलंड रोड. साथीमुळे आत प्रेक्षक नाहीत, पण बाहेर दोन्हीकडचे लोक जमले. लिव्हरपूलचा शर्ट जाळला गेला. वरून विमानाने सुपर लीगविरोधी फलक फिरवला. लीड्सचे खेळाडू सरावाला आले ते छापील टी-शर्ट घालून: चॅम्पियन्स लीग कमवून मिळवा, फुटबॉल चाहत्यांचं आहे. तसेच शर्ट लिव्हरपूलच्या ड्रेसिंगरूममध्येही ठेवलेले होते.

एकच्या सुमारास लिव्हरपूलच्या मानेने गोल केला. पुतण्या ओरडला नाही. सव्वादोनला लीड्सच्या योरेंतेने बरोबरी साधली आणि लिव्हरपूलचा हा भक्त हळूच म्हणाला, "बरं झालं." मी त्याच्याकडे बघितलं नाही. सामन्यानंतर लिव्हरपूलच्या जेम्स मिल्नरने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की त्याला ही कल्पना आवडलेली नाही आणि ती प्रत्यक्षात येऊ नये. मालकाच्या पगारावरचा खेळाडू मालकाविरुद्ध बोलला. भिंतीला पहिली चीर इथे गेली.

पहाटे साडेतीननंतर

स्पेनच्या टीव्हीवर पेरेझ. फुटबॉल वाचवण्यासाठी हे करतोय, म्हणाले. तरुणांना फुटबॉलमध्ये रस उरलेला नाही, सामने लांबत असतील तर ते छोटे करावे लागतील. ते हे सांगत होते तेव्हा तरुण पिढीचा एक प्रतिनिधी माझ्या शेजारी, दुसऱ्या रात्रीच्या जागरणाने लाल झालेले डोळे चोळत बसला होता.

मंगळवार, दुपार ते रात्र

दुपारी फिफाचे अध्यक्ष इन्फँटिनो यांनी बजावलं: एकतर आत या, नाहीतर बाहेर जा. संध्याकाळी मँचेस्टर सिटीचे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला पत्रकारांसमोर बसले आणि त्यांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला: हरल्याने फरक पडत नसेल तर तो खेळ नव्हे. ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी चाहत्यांच्या संघटनांना बोलावून कायदा करण्याची तयारी दाखवली.

आपल्याकडे पावणेनऊला पंतप्रधान मोदींचं भाषण झालं. राज्यात किराणा आणि भाजीची दुकानं आता सकाळी सात ते अकराच उघडी राहणार होती. आम्ही उद्याची यादी केली.

रात्री साडेअकरा

लंडनमध्ये चेल्सीच्या मैदानाच्या, स्टॅम्फर्ड ब्रिजच्या दारात हजारभर चाहते. संघाची बस त्यांनी अडवली. क्लबचा माजी गोलरक्षक, आता अधिकारी असलेला पेत्र चेक गर्दीत उतरला आणि वेळ द्या म्हणून विनवू लागला. ज्याने त्यांच्यासाठी चषक राखले, त्यालाही त्या रात्री ऐकून घ्यावं लागलं. आणि मग बातमी आली: चेल्सी माघारीची तयारी करतंय. रस्त्यावर एकच जल्लोष उसळला. ब्रायटनविरुद्धचा सामना पंधरा मिनिटं उशिरा, आपल्या पाऊण वाजता सुरू झाला आणि गोलशून्य सुटला. तो सामना कोण बघत होतं?

एवढे लोक एका दारात उभे राहू शकले, कारण उभं राहायला दार होतं. क्लबचं मैदान त्यांच्या गल्लीत होतं. आमच्यासारख्याला फार तर वाहिनी बंद करता येते.

बुधवार, २१ एप्रिल. रात्री दोन

मँचेस्टर सिटी अधिकृतपणे बाहेर. त्याच सुमारास लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकसारखं निवेदन टाकलं: आम्हाला हे मान्य नाही. युनायटेडचा कारभार पाहणारे एड वुडवर्ड पद सोडणार असल्याची बातमी आली. ग्रुपवर सगळे जागे होते. दोन दिवस सिलिंडरची यादी सांभाळणाऱ्यानेही अंगठा दाखवला.

पहाटे ३.२५

आर्सेनल, लिव्हरपूल, युनायटेड, टॉटनहॅम. चौघांची पत्रकं काही मिनिटांत. आर्सेनलने चूक झाली म्हणून सरळ माफी मागितली. घोषणेपासून पावणेअठ्ठेचाळीस तासांत इंग्लंडचे सहाही क्लब माघारी निघाले होते. चेल्सीचं कागदी शिक्कामोर्तब तेवढं उजाडता उजाडता झालं. पुतण्याने मला मिठी मारली. दोन पक्षांच्या घरातली ती पहिली मिठी.

सकाळी आणि नंतर

रामनवमी होती. सातला पिशवी घेऊन बाहेर पडलो. दिवसभरात अॅटलेटिको, इंटर, मिलान गळाले. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी चाहत्यांची माफी मागणारी चित्रफीत काढली. ही योजना आता पुढे जाऊ शकत नाही, असं आग्नेल्लींनीही मान्य केलं.

मी ती चित्रफीत पूर्ण पाहिली नाही. त्या दुपारी आमच्या शहरात, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. पुरवठा थांबला आणि त्या एका दिवसात २२ रुग्ण दगावले. ग्रुपवर पुन्हा सिलिंडरचे निरोप सुरू झाले. त्यानंतर कित्येक दिवस कुणी फुटबॉलचं नाव काढलं नाही.

आज हे लिहिताना दोन गोष्टी समोर आहेत. इंग्लंडमध्ये २०२५ साली फुटबॉलसाठी कायदा झाला. क्लबला फुटून निघालेल्या स्पर्धेत जाता येणार नाही, चाहत्यांच्या संमतीशिवाय बोधचिन्ह बदलता येणार नाही, स्वतंत्र नियामक लक्ष ठेवेल. आपल्याकडे त्याच वर्षी जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा नवा मोसम अनिश्चित काळासाठी थांबवला गेला, कारण महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातला १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचा ठरलेला नव्हता. लीग दोघांच्या करारावर उभी होती. चाहता त्या करारात कुठेच नव्हता.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. लंडन-माद्रिदचे सामने जरूर बघा, मीही बघतो. पण जवळच्या मैदानावर जो संघ खेळतो, मग तो देवळालीचा असो, तालमीचा असो की शाळेचा, त्याच्या सामन्याला जाऊन बसा. उद्या कुणी तो बंद करायला आलं, तर दारात उभं राहायला आपण तिथे असलो पाहिजे.