गोंधळाचे मूळ : ग्रंथप्रामाण्य आणि मौखिक परंपरा

सोलापूर-तुळजापूर मार्गावरील तामलवाडीचा परिसर तुळजाभवानीच्या उपासनेचा प्रदेश होय. विवाहादी मंगलकार्यानंतर संबळ, तुणतुणे व दिवटी घेऊन गोंधळी येथे देवीचा जागर मांडतात. या विधिनाट्याचे मूळ शोधताना अभ्यासकांनी संस्कृत ग्रंथांतील ‘गौंडली’ या नृत्यप्रकाराकडे लक्ष वेधले आहे. जायसेनापतीच्या ‘नृत्तरत्नावली’त (इ.स. १२५३-५४) त्याचा संबंध कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ.स. ११२६-११३८) याच्याशी जोडलेला आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तही हा प्रकार वर्णिला आहे. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, तुळजापूरपासून फार दूर नाही. त्यामुळे हा तर्क आकर्षक ठरतो.

तथापि केवळ नामसाम्य व प्रदेशसान्निध्य यांवरून अखंड परंपरा सिद्ध होत नाही. गौंडली हे नर्तकीचे नृत्य, तर गोंधळ हा प्रामुख्याने पुरुषांनी मांडलेला कुलाचार. शिवाय ग्रंथांनी राजसभेची स्मृती जपली. गोंधळ्यांची पदे मात्र पिढ्यान्‌पिढ्या कंठातच राहिली. म्हणून गायक, गाव व प्रसंग यांच्या नोंदींसह या पदांचे संकलन होणे, हीच मूळशोधाची पहिली अट ठरते.