कोयनेचें धरण आणि धरणीकंप : पूर्वपुराव्याचा विचार

१. सह्याद्रि म्हणजे काळ्या पाषाणाची अचल बैठक, तेथें मोठा भूकंप संभवत नाहीं, असा समज १९६७ सालापर्यंत जाणत्या मंडळींतहि रूढ होता. ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं, शके १८८९ च्या मार्गशीर्ष शुद्ध पक्षांत, पहांटे ४ वाजून २१ मिनिटांनीं कोयनानगर येथें जो भूकंप झाला त्यानें तो समज कायमचा मोडला. त्याचें परिमाण ६.३ होतें. दोनशेंच्या आसपास माणसें दगावलीं, कोयनानगरांतील बहुतेक घरें पडलीं, आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीसहि वरच्या अंगास भेगा गेल्या. भिंत मात्र उभी राहिली. पुढें तिला पाठीमागून टेकू देऊन बळकटी आणण्यांत आली.

या भूकंपास शिवाजीसागराचें पाणी निमित्त झालें, हें मत आज भूकंपशास्त्रज्ञांत रूढ झालें आहे. परंतु ‘धरणापूर्वीं हें खोरें खरोखरच शांत होतें काय?’ असा पूर्वपक्ष त्यावर येतो. हा पूर्वपक्ष यंत्रविद्येचा नसून इतिहासाचा आहे, व त्याचा निर्णय दप्तरें आणि जुन्या वास्तु यांच्याच साक्षीनें व्हावयाचा आहे. म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२. प्रथम सिद्धान्तपक्ष पाहूं. धरणांत १९६१-६२ च्या सुमारास पाणी सांठूं लागलें, आणि लागलीच आसपासच्या गांवांतून जमिनींत गडगडाट व हादरे होत असल्याच्या वार्ता येऊं लागल्या. ता. १३ सप्टेंबर १९६७ रोजीं पांचांहून अधिक परिमाणाचा धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत मुख्य भूकंप झाला. तेव्हांपासून पांचांहून अधिक परिमाणाचे वीसांवर भूकंप या एकाच टापूंत झाले आहेत, व हा टापू सुमारें ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढाच आहे. पावसाळ्यांत जलाशय भरला म्हणजे धक्के वाढतात, असाहि क्रम वारंवार दिसून आला आहे. दक्षिणेस वारणेच्या धरणांत १९८५ पासून पाणी सांठूं लागल्यावर भूकंपांचा कल त्या बाजूस सरकला, व १९९३ च्या सुमारास तिकडेहि पांचांवरचे धक्के बसले.

हा प्रकार कोयनेपुरताच नाहीं. अमेरिकेंतील हूव्हर धरणाचा जलाशय १९३५ पासून भरूं लागल्यावर तेथें भूकंप होऊं लागले, व कार्डर या संशोधकानें १९४५ सालीं पाण्याशीं त्यांचा संबंध दाखवून दिला. चीनमधील सिनफेंगजियांग (१९६२), आफ्रिकेंतील करिबा (१९६३) व ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) या धरणांजवळ सहाहून अधिक परिमाणाचे भूकंप झाले. मात्र पृथ्वीवर मोठीं धरणें हजारों आहेत, आणि भूकंप थोड्यांच्याच वांट्यास आले आहेत. तेव्हां नुसतें पाणी हें पुरेसें कारण नव्हे.

३. याचा उलगडा असा. भारतखंडाचा भूभाग उत्तरेकडे सरकत असल्यानें त्याच्या खडकांत ताण सांठत असतो. जेथें खडकांत पूर्वींच भ्रंश पडलेले आहेत तेथें दोन्ही बाजू घर्षणानें एकमेकींस धरून असतात. जलाशयाचा भार खालीं दाबतो, हा एक परिणाम तात्काळ होतो; भेगांतून पाणी मुरत जाऊन आंतल्या पाण्याचा दाब वाढतो, हा दुसरा महिन्यांनीं किंवा वर्षांनीं होतो. आंतला दाब वाढला म्हणजे भ्रंशाच्या दोन बाजूंची परस्परांवरील पकड सैल होते, व सांठलेला ताण एकदम सुटतो. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर पाणी हें निमित्तकारण होय. मूळ ताण पाण्यानें उत्पन्न केलेला नाहीं. अलीकडे गोठणें येथें तीन किलोमीटर खोल विवर पाडण्यांत आलें. तेथें काळा पाषाण सुमारें सव्वा किलोमीटर जाड असून त्याखालीं ग्रॅनाइटाचा प्राचीन खडक लागला. भूकंपांचें मूळ या जुन्या खडकांत आहे.

४. आतां पूर्वपक्षाचें बळ पाहूं. कोयनेजवळ भूकंपमापक यंत्रें बसलीं तीं १९६३ पासून, म्हणजे पाणी सांठूं लागल्यानंतर. त्यापूर्वींचे बारीक हादरे यंत्रानें टिपले जाणें शक्यच नव्हतें. तेव्हां ‘यंत्रांत नोंद नाहीं, म्हणून हादरा नाहीं’ हें अनुमान लंगडें आहे. त्याचप्रमाणें ‘कागदांत उल्लेख नाहीं, म्हणून भूकंप नाहीं’ हेंहि लंगडेंच. जमाखर्च लिहिणारा कारकून खर्चाची बाब लिहितो. भिंत न पडतां जमीन हालली तर ती त्याच्या दप्तरांत येण्याचें कारण नाहीं. बारीक हादऱ्यांविषयीं कागदाचें मौन कांहींच सिद्ध करीत नाहीं. घरें पाडणाऱ्या भूकंपाविषयीं तेंच मौन मात्र वजनदार ठरतें. कारण पडझड म्हणजे खर्च, आणि खर्च म्हणजे कागद.

वास्तूंची साक्ष या ठिकाणीं उपयोगी पडते. पाटण तालुक्यांतील चाफळचें श्रीसमर्थांचें राममंदिर सतराव्या शतकांतील. १९६७ च्या भूकंपांत त्याची हानि होऊन पुढें तें नव्यानें बांधावें लागलें. जी वास्तु तीन शतकें उभी राहिली तिला याच धक्क्यानें पाडावें, हें मधल्या काळांत तेथें इतका जबर धक्का बसला नसल्याचें सूचक आहे. परंतु मधल्या जीर्णोद्धारांचे कागद तपासल्याविना यास सूचकाहून अधिक म्हणूं नये.

५. कागद सांपडला तरी त्याची पारख करावी लागते. ओल्डहॅम यांनीं १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय भूकंपांच्या यादींत १६१८ सालची मुंबईची नोंद घेतली आहे. तींत वादळ व भूकंप एकत्रच सांगितले आहेत. पुढील संशोधकांनीं ती तपासून हा वस्तुतः चक्रीवादळाचाच उत्पात असावा असें मत दिलें. एका शब्दावर विसंबून यादी फुगविली तर पुढच्या सर्व गणितास तो दोष चिकटतो.

कालनिर्णयाचीहि तीच गोष्ट. कोयनेचा भूकंप आपल्या घड्याळाप्रमाणें सोमवारीं, ता. ११ रोजीं झाला. जगाच्या सामान्य कालमानाप्रमाणें तेव्हां ता. १० ची रात्र होती. आणि सूर्योदयापासून दिवस मोजणाऱ्या आपल्या पंचांगाप्रमाणें पहांटे रविवारच चालू होता. इतक्या अलीकडच्या घटनेस जर दोन तारखा व दोन वार लागतात, तर दोनशें वर्षांपूर्वींच्या दोन कागदांत एका दिवसाचा फरक दिसतांच त्यांचे दोन भूकंप करूं नयेत.

६. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. वासोटा, जंगली जयगड, दातेगड या किल्ल्यांच्या डागडुजीचे हिशेब. पाटण व कऱ्हाड भागांतील देवस्थानांचे जीर्णोद्धाराचे कागद. खाजगी पत्रांतील ‘भूमिकंप’, ‘धरणीकंप’ अशा शब्दांचे उल्लेख. विहिरींचें पाणी एकाएकीं गढूळ झाल्याच्या किंवा आटल्याच्या नोंदी. हे सारे जपून टिपावे. तिथि, वार, प्रहर, स्थळ व पडझड जशीं असतील तशीं उतरावीं. लेखक त्या स्थळीं होता कीं ऐकीव लिहीत होता, हेंहि नमूद करावें. खोऱ्यांतील कैक गांवें जलाशयाखालीं गेलीं. तेथील उठून गेलेल्या घराण्यांचीं रुमालें आज दूरदूरच्या वस्त्यांत पडून आहेत. त्यांचा शोध प्रथम घ्यावा. भूकंपमापकाची साठ वर्षांची नोंद आज शास्त्रज्ञांजवळ आहे. त्यामागच्या तीनशें वर्षांची नोंद कोणा यंत्राजवळ नाहीं. ती असेल तर या रुमालांतच असेल.